नाव त्याईचं

रजिस्टर पोस्टानं आलेलं पाकीट
बाबांनी आधी हातावर तोललं,
मग वार्निशचे डाग पडतील म्हणून
माझ्याकडे दिलं.
सहा पानं, इंग्रजी. शेवटी दिल्लीच्या वकिलाची सही,
जळलेल्या कॉइलमधून ओढलेल्या तारेसारखी.

मी समुद्रपूरला तहसीलसमोर टायपिंग करते:
प्रतिज्ञापत्र, वारसान अर्ज, दाखला हरवल्याचा दाखला.
'मी खाली सही करणार' हे दुसऱ्यांच्या वतीनं
रोज वीस वेळा लिहिते.
या वेळी खाली सही करणार
कवडूजी भोयर, मोटर वाइंडिंग, वय एकसष्ट.

खरं तर केलं होतं मी.
दोन वर्षांपूर्वीच्या एका रिकाम्या दुपारी,
एकशे एकोणपन्नास रुपयांत:
जलशिखर-दुरुस्ती डॉट इन.
नाव मोकळं होतं. कोण तुम्ही, कुणी विचारलं नाही.
आठवडी बाजारात जो आधी पाल ठोकतो
जागा त्याची, तसं वाटलं.
आधी येण्यानं जागा मिळते, हक्क नाही,
हे तिसऱ्या पानावर होतं.

जेवताना मी तीन प्रश्न मराठीत करून सांगितले.
नाव आमच्यासारखं आहे का?
तुमचा त्यावर काही हक्क आहे का?
आणि घेताना मनात खोट होती का?

पहिल्याला बाबा हो म्हणाले.
दुसऱ्याला नुसतीच भाकर मोडत राहिले.
मग म्हणाले, "नाव त्याईचं, बिघाड आपला.
मंग बिघाडाले कोनतं नाव देऊ मी?"

हिंगणघाटच्या वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
दुरुस्तीवाल्यानं कंपनीचं नाव घेऊ नये असं नाही.
घ्यावं, गरजेपुरतं.
पण आम्ही कंपनी नाही, हे ठळक लिहायला हवं. लिहिलंय?
मी मान हलवली, नाही.
आणि दुकानात जलशिखरच भरता ना फक्त?
इथे बाबांनी खोटं बोलायला हवं होतं.
"नाई बाई. जे येते ते भरतो.
परवा गिरनीची भरली."
बाईंनी पेनला टोपण लावलं.

"एक लक्षात ठेवा. फोन येईल.
आकडा बोललात की गेलात.
मनात नसलेली खोटही मग कागदावर येते."

गुरुवारी आला. गोड आवाजाची हिंदी:
किती घेऊन सोडाल?
पावभर वांग्यांसाठी अर्धा बाजार हिंडणारे आमचे बाबा
गप्प. मी दारात, श्वास धरून.
मग म्हणाले,
"पाच एचपीचे साडेतीन हजार. तार आपली."
पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

त्या रात्री आईनं भिंतीचं काढलं.
रस्त्याकडच्या आमच्या भिंतीला
तेरा वर्षांपूर्वी एका पेंटरनं शिडी लावली
आणि निळ्या अक्षरांत लिहून गेला:
जलशिखर. पाणी शेवटच्या सरीपर्यंत.
कुणी विचारलं नव्हतं. कॅलेंडर दिलं होतं एक.
दर दिवाळीला आई चुना मारते
तो अक्षरं सोडून,
ख-च्या फटीत दात घासायचा जुना ब्रश घालून.
याचा फोटो उत्तराला जोडू का, मी विचारलं.
वकीलबाई हसल्या. त्याला कायदा वेगळा लागतो, म्हणाल्या.

नाव सोडलं आम्ही.
उत्तर एका पानात बसलं.
'मनात खोट नव्हती' हे वाक्य दोनदा पडलं होतं,
खोडायला गेले तर बाबा म्हणाले, राहू दे.

आता कवडू-मोटर डॉट इन आहे.
ते कुणी शोधत नाही.
फोन अजून जुन्या नावानंच येतात,
गिरडहून, मांडगावहून, ओलिताच्या दिवसांत तर पहाटेसुद्धा:
जलशिखरवाले का?
बाबा फोन खांद्यानं कानाशी दाबतात,
हातात अर्धी भरलेली मोटर.
"नाई," म्हणतात.
जरा थांबतात.
"पन घेऊन या."